दोन बोटं खाली

सासूनं आपले स्वेटर टेबलावर मांडले तशी लोकरवालीच्या दुकानातली कुजबुज थांबली. काम तसंच होतं. मशीननं मान खाली घालावी असं.

वर्षाच्या पहिल्या रविवारी दुकान गिऱ्हाइकांना बंद असे आणि आतल्या खोलीत विणणाऱ्या बायका जमत. गेल्या वर्षी केलेलं टेबलावर ठेवायचं, यंदा काय करणार ते सगळ्यांसमोर बोलायचं आणि त्याची लोकर तिथल्या तिथे निवडायची. एकदा बोललं की सुटका नाही. बाकीच्या वर्षभर विचारून विचारून जीव खातात.

"माझं काम बोलतं, मला बोलावं लागत नाही," असं म्हणून सासू बराच वेळ बोलली. "यंदा मोठ्या पलंगाचं पांघरूण विणायला घेणार. झेपेल का, असं कुणी विचारू नका."

"तुम्हाला विचारायची कुणाची छाती आहे बाई!" नर्स म्हणाली. "मी आपला गेल्या वर्षी बोललेला मोजा आणलाय. एकच झाला. दुसरा पाय यंदा."

सगळ्या हसल्या. मग सुनेची पाळी आली. तिनं पिशवीतून राखाडी लोकरीचा एक गुंडा काढला, विणायच्या दोन सुया काढल्या, आणि पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.

"एवढंच?" लोकरवालीनं विचारलं. "तू तर स्वेटर बोलली होतीस."

"केला होता."

"मग कुठाय?"

सुनेनं तोंड उघडायच्या आत सासूनं उत्तर दिलं. "मी उसवला. एकदा नाही, चारदा. हिनं करायचा, मी उसवायचा. मला काय हौस आहे?"

लोकरवालीनं गुंड्याचं टोक चिमटीत धरून थोडा धागा ओढून पाहिला. जागोजागी विरलेला, केस निघालेला. "दमलीय ही लोकर," ती म्हणाली.

"अहो, पण चुकलं काय होतं?" नर्सनं विचारलं.

सासू याचीच वाट बघत होती. "डावा खांदा दोन बोटं खाली! पहिल्यांदा म्हटलं, नवशिकी आहे, होतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. माप घेतलं की झोपा काढल्या? कुणा वाकड्या माणसासाठी विणत होती देव जाणे. आमच्या घरातून असलं ध्यान बाहेर जायचं नाही."

कुणी हसलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून सासूनं दोन बोटं वर करून दाखवली.

नर्स आपल्या मोज्याकडे बघू लागली. बाकीच्या बायका कुठे खिडकीकडे, कुठे छताकडे बघत होत्या. पण बघता बघता एकेकीची नजर सासूच्या डाव्या खांद्याला हात लावल्यासारखी शिवून जात होती.

लाँड्रीत उभं आयुष्य गेलं होतं तिचं. ओल्या चादरींच्या टोपल्या त्याच खांद्यावरून वाहिल्या, पोरंही त्याच खांद्यावर वाढली. खांदा बसला. पण ते कुणाच्या लक्षात येत नाही अशी तिची पक्की खात्री होती.

वर केलेली बोटं तिनं हळूच मिटली.

"कुणासाठी होता गं तो?"

सून गुंड्याचं सुटलेलं टोक आत खोचत राहिली.

"बोल की. आता का दातखीळ बसली?"

"तुमच्यासाठी, आई."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? तुमचा खांदा वाकडा आहे, असं सांगू?" सुनेनं आवाज चढवला नाही. "वाटलं, एकदा तरी अंगात घालून बघाल. तुम्ही पलंगावर पसरायचात आणि उसवायला घ्यायचात. दर वेळी."

सासूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरात नोकरदार मुलगा, मोठा जावई, कुणाची तिच्यापुढे बोलायची टाप नव्हती. आणि सून बोलली होती, तीही चारचौघींत.

लोकरवालीनं घसा साफ केला. "यंदा काय विणणार तू?" तिनं सुनेला विचारलं. विचारायची रीतच होती.

"काही नाही. सुया तुमच्या दुकानच्या होत्या, परत द्यायला आले."

सासू उठली. सगळ्यांना वाटलं, आता तणतणत घरी जाणार. तिनं अंगातला कोट काढला, उलटा केला आणि लोकरवालीची कात्री उचलून डाव्या खांद्याच्या अस्तराचे टाके कापायला लागली. बारीक, एकसारखे टाके होते. तिचेच. कापायला वेळ लागला. आतून तिनं कापसाची एक गादी ओढून काढली, घामानं पिवळी पडलेली, दाबून दाबून भाकरीएवढी चपटी झालेली, आणि टेबलावर आपल्या स्वेटरांच्या शेजारी ठेवली.

"हेही माझंच काम," ती म्हणाली. "मांडायचं राहिलं होतं."

मग तिनं कोट पुन्हा अंगात घातला आणि सुनेकडे पाठ करून उभी राहिली.

"घे माप."

"माप पाठ आहे मला," सून म्हणाली. सुयांना मात्र तिनं हात लावला नाही.

सासू हलली नाही. कोटाचा डावा खांदा रिकाम्या थैलीसारखा लोंबत होता, आणि सगळ्याजणी आता उघड उघड तिकडेच बघत होत्या.