मामाने बसवलेली दुर्बीण

गोळी सुटली, धक्का बसला आणि रायफलवरच्या दुर्बिणीची कड थेट मारिटच्या भुवईवर आदळली. नाकाच्या कडेने रक्ताची धार ओघळली. गोठ्यामागच्या टेबलाशी उभा असलेला लायलमामा मांडीवर थाप मारून हसला.

"पुन्हा शिक्का. अगं, या घरात सगळ्यांना एकदा बसतो. दोनदा बसलेली तूच पहिली."

मारिटने रायफल टेबलावर टेकवली.

"धक्का सोसत नाही तुला. त्यात लाज कसली? उद्या शिकारीचा हंगाम उघडतोय, रायफल मी घेतो. तू मागून ये. पुढच्या वर्षी बघू."

मागच्या वर्षीही तो 'पुढच्या वर्षी'च म्हणाला होता.

रायफल आजोबांची. जाताना त्यांनी ती सगळ्यांच्या देखत मारिटला दिली होती. महिन्याभरातच मामाने तिच्यावर भोपळ्याएवढी दुर्बीण चढवली, भाचीला भेट म्हणून. चंद्रावरचे खड्डे दिसतील म्हणे. पण मारिटला चंद्र मारायचा नव्हता. इथल्या पाइनच्या दाटीत एल्क हरीण दिसतं तेच मुळी हाकेच्या अंतरावर. आणि त्या भोपळ्यातून तिला एल्क तर सोडाच, धड कुंपणही दिसत नव्हतं. बगळ्यासारखी मान पुढे ताणून डोळा कडेला भिडवला तरच काय ते दिसायचं.

तिने बाहीने रक्त पुसलं. रायफल रिकामी केली, गोळी भरायचा बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि स्क्रू फिरवायची ॲलन की उचलली.

"आता काय, घड्याळ दुरुस्त करणार?" मामा म्हणाला.

"करू दे तिला, लायल," गोठ्याच्या दारातून आई म्हणाली.

भोपळा उतरला. मारिटने पिशवीतून लोकरी मोज्यात गुंडाळलेली छोटीशी दुर्बीण काढली. उन्हाळाभर शेजाऱ्यांच्या गवताचे गठ्ठे उचलून मिळालेल्या पैशांतून घेतलेली. ती रायफलवरच्या कड्यांत ठेवून तिने स्क्रू हलकेच लावले, दुर्बीण सरकेल इतपतच. मग डोळे मिटले. रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला. मान ताणली नाही, जशी पडली तशी राहू दिली. डोळे उघडले.

काळोख.

तिने दुर्बीण बोटभर स्वतःकडे ओढली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा उघडले. काळी कड बारीक झाली होती. आणखी जरा ओढली. आणि एकदम अख्खं गोल चित्र डोळ्यात मावलं. कुंपणाचा खांब, खांबावरचं दव, त्यावर पंख फुगवून बसलेला डोमकावळा. मारिटला हसूच आलं. कुंपणाला ओळंबा टांगून तिने दुर्बिणीतली नेमाची फुली सरळ केली. स्क्रू आळीपाळीने आवळले, बोल्ट परत बसवला आणि गोळी भरली.

पहिली गोळी निशाणाच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लागली. दुर्बिणीवरची छोटी टोपी काढून तिने नेम सरकवणारी बारीक चक्री फिरवली. मग एकापाठोपाठ एक गोळ्या वर्तुळात शिरल्या. धक्का तेवढाच होता. भुवईला मात्र वारासुद्धा लागला नाही.

आई दारातून पुढे आली. मामाचं हसू कुठेतरी सांडलं होतं.

"दे बघू इकडे. उद्या मलाच न्यायचीय."

मारिटने बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं आणि ती त्याच्या हातात दिली. लांबलचक हातांनी मामाने ती खांद्याला लावली. मान पुढे केली. मागे घेतली. हनुवटी दस्त्यावरून वर-खाली घासली. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिला.

"यात सगळं काळंच आहे. मधे नाण्याएवढा उजेड," तो वैतागून म्हणाला. "चुकीची बसवलीस तू दुर्बीण."

मारिटने शांतपणे रायफल त्याच्या हातातून काढून घेतली.

"मला दिसत नव्हतं, मामा, तेव्हा चूक माझी होती," ती म्हणाली. "आता तुला दिसत नाही, तर चूक दुर्बिणीची?"