तीस रात्रींचा रिपोर्ट

झोपेत नवऱ्याचा श्वास अडकायचा आणि दिवसा स्टिअरिंगवर डुलकी लागायची. कंपनीने अट घातली, महिनाभर श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं, रिपोर्ट चांगला आला तरच बस पुन्हा हातात. पहिल्याच रात्री त्याने मास्क काढून माझ्या उशीवर टाकला. "जीव गुदमरतो माझा. तूच लाव." तो चेष्टेत म्हणाला होता, पण नोकरीच्या धास्तीने मी खरंच लावला, आणि मग रोजच लावत गेले.

महिन्याने डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड तपासलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "तीस रात्री, रोज सात तास. एकदासुद्धा श्वास थांबलेला नाही. असा पेशंट लाखात एक." त्याने मान डोलावली. मी पर्सची चेन उघडझाक करत बसले.

सोमवारी सकाळी तो शाळेची बस घेऊन आमच्या गल्लीत आला. शेजारपाजारची पोरं एकेक करून चढली, मी सगळ्यांना हात केला. शेवटी आमची लेक पायरीवर चढली. तेवढ्यात त्याने जांभई दिली.



"तू खाली ये गं. तुला मी चालत सोडते."