गाणं संपल्यावर

“गाणं संपलं म्हणून सुई उचलायची न्हाई. मी अजून हाय की तितं!”

मल्लप्पा हयात होता तोवर दर वेळी हेच बजावायचा. गिरणीतल्या पाळ्या सांभाळून तो पेटी वाजवायचा. तरुणपणी एकदाच मुंबईला गेला, एका गाणाऱ्या बाईंना साथ करायला, आणि ती ठुमरी तबकडीवर उतरली. वाजवता वाजवता घशात आलेला खोकला त्यानं बाईंचा शेवटचा सूर विरेपर्यंत दाबून धरला. पण यंत्र थांबायच्या आतच तो सुटला. मग त्या तबकडीच्या जेवढ्या प्रती निघाल्या, तेवढ्या गावांत मल्लप्पा खोकला.

तो गेल्यावर त्याची बायको दानम्मा रोज दिवेलागणीला चावीचा ग्रामोफोन लावून बसायची. ठुमरीकडं तिचं फारसं ध्यान नसे. शेवटचा खोकला आला की म्हणायची, “पाणी प्या आता,” आणि चुलीकडं वळायची. एका दिवाळीच्या सफेदीत तबकडी फळीवरून निसटली, तिचे तुकडे झाले. त्या रात्री दानम्मा जेवली नाही. सुनेनं, शिवम्मानं, तिला शब्द दिला, “आत्याबाई, मी तुमाला परत ऐकवीन.” आणि पुढच्याच सोमवारी सिद्धेश्वरासमोर हात जोडून तोवर गूळ सोडला. संक्रांती आल्या आणि गेल्या; तिनं तिळगूळ वाटला, जिभेवर ठेवला नाही.

आज दोघी भवानी पेठेतल्या चन्नप्पाच्या रेडिओच्या दुकानात बाकावर बसल्या होत्या. चन्नप्पानंच सांगावा धाडला होता. त्याच्या हातात ताटाएवढी, चकचकीत, नवी तबकडी होती.

“जुनी गाणी नव्यानं काढलीत, आजी. एका तबकडीत ढीगभर. आन् खरखर म्हणाल तर औषधालाबी न्हाई.”

“तू आदी लाव बाबा,” दानम्मा म्हणाली. “जाहिरात मागनं कर.”

पेटीचा पहिला सूर निघाला तशी दानम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. मल्लप्पा समोर आला की जन्मभर ओढत होती तसाच. गाणं खरंच लख्ख झालं होतं. बाईंच्या हातातल्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. शिवम्माचं मात्र सगळं लक्ष सुईवर. शेवटचा सूर बारीक होत गेला, विरला. ती बाकाच्या कडेला सरकली.

सुई फिरत राहिली. कुठं काही नाही. धुतल्यासारखी शांतता. आणि मग एकदम दुसरंच गाणं सुरू झालं, दुसऱ्याच कुणा बाईंचं.

“थांबा, थांबा!” शिवम्मा उठलीच. “शेवटी खोकला हाय तितं.”

चन्नप्पानं सुई उचलली. “व्हता, वैनी. काढून टाकला असणार. नवं करताना सगळी घाण साफ करत्यात की ते...”

शब्द तोंडातून गेला आणि त्यानं जीभ चावली.

दानम्मा हसली. “काढतील कसा? मला आला की ऐकू.”

“आत्याबाई...”

“हळूच खोकले. तुजं ध्यान न्हवतं.” तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत गुळाचा खडा होता, घामानं चिकट झालेला. घरूनच घेऊन आली होती. “घे. फिटला तुजा नेम. माज्यापायी जीभ वाळवत बसलीया, येडी कुटली.”

“खावा वैनी,” चन्नप्पानं सावरून घेतलं. “तुमी खाल्ल्याबिगर आमाला बी तुमच्या हातची पुरणाची पोळी मिळायची न्हाई.”

शिवम्मानं सासूकडं पाहिलं. तोंडभर हसू होतं. पण ‘पाणी प्या’ असं काही ती म्हणाली नव्हती.

तिनं सासूशी वाद घातला नाही. खडा कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला. “सोमवारी देवापुढं ठिवते. मग बगू.”

दानम्मा पायरीवर चपला चाचपत होती तेवढ्यात शिवम्मानं हळूच विचारलं, “चन्नप्पाण्णा, ती जुनी तबकडी आणिक कुणाकडं असंल का वो?”

चन्नप्पानं डोकं खाजवलं. “नातेपुत्याला एक राजाबाई हायत. मालकांचा तंबूचा शिनेमा व्हता त्यांच्या. खेळाच्या आदी असल्याच तबकड्या लावायचे, मान्सं गोळा करायला. पेटी भरून पडल्यात म्हणं अजून. पर वैनी, खरखर लई असंल तिच्यात.”

“असू द्या की,” शिवम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच तिनं अंघोळ उरकली. उंबऱ्यात उभं राहून देवळाच्या दिशेनं हात जोडले. दानम्मा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तिचं पांघरूण सारखं करून शिवम्मानं पिशवीत एक जाड चादर घडी घालून ठेवली आणि दाराला आवाज न करता बाहेर पडली.

एस्टीत गर्दी नव्हती. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता चौकशी केली, “नातेपुते? एकल्याच निगालाय, आक्का? कुणाचं दुखणं-बिखणं हाय का?”

“न्हाई. मामंजीस्नी आणाया चाललेय.”

“मग परतीला बी हीच गाडी धरा. म्हाताऱ्या मानसाला पुढची जागा देतो. मागं लई धक्के बसत्यात.”

शिवम्मानं पिशवी जवळ ओढून घेतली.

“द्या की,” ती म्हणाली. “त्यास्नी धक्का न्हाई सोसायचा.”