इब्राहिमला कोण धरणार?

"आज इब्राहिमला धरायचं न्हाय तू," कप्तान झुंबर बुटाची नाडी आवळत म्हणाला. "आज तू फकस्त बास्केट टाकायचं."

बिरदेवला वाटलं, गडी चेष्टा करतोय. पण टीममधले बाकीचेही माना हलवत होते. इंदापूरच्या सिमेंटच्या कोर्टावर फायनल सुरू व्हायला पाच मिनिटं होती. साल १९९६.

भानगड अशी होती. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध कारखान्याची ही बास्केटबॉलची टीम. दहाही जण खेळासाठी म्हणून नोकरीवर घेतलेले, आणि दहाही टेंपररी. सकाळी दुधाचे क्रेट उचलायचे, संध्याकाळी खेळायचं. आता पुण्याहून दातार नावाचे नवे मॅनेजर आले होते. ते पाच जणांना कायम करणार होते, उरलेल्यांना नारळ. त्यासाठी साहेब स्वतः फायनल बघायला आले होते. आणि खेळातलं त्यांना एवढंच कळायचं, की कागदावर कुणाच्या नावापुढं किती पॉइंट.

बिरदेवच्या नावापुढं सहा वर्षं दर मॅचला दोन, नाहीतर शून्य. त्याचं काम एकच, समोरच्या टीममधल्या सगळ्यात भारी गड्याला चिकटायचं. लोणी भापकर गावच्या धनगराचं पोर ते, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. कळपातनं फुटणारं मेंढरू तोंड एकीकडं करतं अन् पळतं भलतीकडं, पण त्याआधी त्याची कंबर वळते. बिरदेव माणसाचीही कंबरच बघायचा. भलेभले त्याच्यापुढं हात चोळत राहायचे. पण कागदावर त्यातलं काय उतरणार, कप्पाळ! घरी बायको साखरबाई विचारायची, "आज किती टाकलं?"

"दोन."

"अगं बाई! मग बाकीचा येळ काय करत हुता?"

बिरदेव जेवणाचं ताट पुढं ओढायचा. वय तीस झालेलं. कारखान्यानं काढलं तर या वयात दुसरी नोकरी कोण देणार? गावाकडं परतावं तर मेंढरंही केव्हाच विकलेली. म्हणून मित्रांनी हा बेत केला होता. सगळे बॉल बिरदेवला द्यायचे, त्याच्या नावावर पॉइंट चढवायचे. मनानं फार चांगली माणसं, पण बेत मात्र अगदीच येडपट.

पहिल्या हाफमध्ये बिरदेव बास्केटखाली उभा राहिला. बॉल येत गेले, तो टाकत गेला. निम्मे बाहेर गेले, तरी अकरा पॉइंट झाले. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण तिकडं इंदापूरचा इब्राहिम मोकाट सुटला होता. एरवी बापाच्या घड्याळाच्या दुकानात मान खाली घालून बसणारा हा माणूस, त्याला आज कुणी अडवायलाच नव्हतं. त्यानं एकट्यानं सव्वीस टाकले. इंदापूर बेचाळीस, बारामती सत्तावीस.

हाफ टाइमला बिरदेवनं पाण्याला हात लावला नाही.

"झुंबर, बास झालं. मला धरू दे त्याला."

"आरं येड्या, नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. ह्ये बघवत न्हाय मला."

दुसऱ्या हाफमध्ये तो इब्राहिमला असा चिकटला, की वीस मिनिटांत इब्राहिमचे पॉइंट झाले चार. बारामतीनं एका पॉइंटानं फायनल मारली. पण दातार साहेबांना त्यातलं काही दिसलं नाही. संयोजकांनी त्यांना हाफ टाइमला मंडपामागं चहाला नेलं, आणि इंदापूरकरांची भजी काही संपेनात. साहेब परत आले तेव्हा शेवटची शिट्टी वाजत होती. त्यांनी आल्याआल्या कागद मागवला, आणि मग इब्राहिमला बोलावलं.

"तीस पॉइंट! शाब्बास! आमच्या टीममध्ये या. सोमवारपासून कायम नोकरी."

अशा नोकरीसाठी इब्राहिम सहा वर्षं चपला झिजवत होता. त्याचा चेहरा फुलला. मग त्यानं विचारलं, "कुणाच्या जागंवर, साहेब?"

साहेबांनी बिरदेवकडं बोट केलं. "यांच्या. आजचे अकरा सोडले, तर अख्ख्या स्पर्धेत यांचे सहा पॉइंट आहेत."

झुंबरनं कपाळावर हातच मारला. पहिल्या हाफमध्ये बिरदेवला त्याचं काम करू दिलं असतं, तर इब्राहिम साहेबांच्या नजरेतही भरला नसता. मित्राची नोकरी वाचवायला गेले, आणि त्यांनीच ती घालवली.

इब्राहिमनं बिरदेवकडं पाहिलं, मग झुंबरकडं. बाहीला तोंड पुसलं.

"येतो की साहेब. पण ह्याला काढू नका."

"मैत्री वेगळी, नोकरी वेगळी," साहेब म्हणाले.

"मैत्री कसली, साहेब! सहा वर्षं ह्या माणसानं मला रडकुंडीला आणलंय. माझ्या तिसातलं सव्वीस पॉइंट, ह्यो लांब हुबा हुता तवाचं हायत. तुमी ह्याला काढलंत, तर आमचं इंदापूरवालं ह्याला उद्याच्याला उचलत्याल. मग मला घेऊन तुमी करणार काय?"