खरखर

जुन्या जॅझचा एक पियानोवाला होता. डावा हात पियानोवर टणाटण उड्या मारायचा आणि तोंडाची टकळी त्याहून जोरात चालायची. वाजवता वाजवता तो स्वतःच्याच बोटांना झापायचा, मध्येच खो खो हसायचा. नानांनी चाळीस वर्षं वणवण करून त्याच्या दोनशे अकरा ग्रामोफोन तबकड्या जमवल्या, त्या खरं तर या बडबडीपायी.

नानांच्या वाढदिवसाला जावयाने अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला. "तीन महिने खपलो, नाना. तुमचा अख्खा खजिना यात आहे."

"आणि इथून नेलेल्या तबकड्या?"

"त्या कशाला आता? भंगारात दिल्या. कपाट मोकळं झालं तुमचं!"

नाना ओरडणारच होते. पण समोर लेक कौतुकाने नवऱ्याकडे बघत होती, आणि जावयाला बोलणार तरी काय? आवाज तरी राहिला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि आपलं लाडकं गाणं लावलं.

पियानो लख्ख वाजत होता. खरखर नावालाही नव्हती. पियानोवाल्याच्या हसण्याची जागा जवळ आली तसे नाना आधीच गालात हसू लागले. जागा आली आणि गेली. नानांनी दुसरं गाणं लावलं. मग तिसरं.

"स्वच्छ झालंय ना?" जावई खुशीत म्हणाला.

 

"खरखर काय, दोन दिवसांत गेली हो!" तोच पुढे सांगू लागला. "पण मध्येमध्ये कुणीतरी सारखं बडबडत होतं, खिदळत होतं. बाकीचे तीन महिने त्यालाच पुसण्यात गेले."