आईच्या डाव्या अंगाला

"धाकटी आजही फिरकली नाही," आई कुरकुरली. धाकटी तिच्या डाव्या कोपराखाली उशी सरकवत होती.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर आईचे डोळे शाबूत राहिले, पण मेंदूने डावी बाजू वाऱ्यावर सोडली. ताटातलं उजवीकडचं तेवढं ती संपवायची आणि डावीकडचं तसंच टाकून 'पोटभर वाढत नाहीत' म्हणून सगळ्यांना फैलावर घ्यायची. डाव्या हातात जीव होता, पण तो वापरायचं तिच्या ध्यानातच येत नव्हतं. दादा रोज उजवीकडे बसायचा, त्यामुळे सगळं कौतुक त्याच्या वाट्याला.

"अगं, इकडे ये ना," तो म्हणाला. "लगेच दिसशील तिला. कसला हा हट्ट?"

"मी तिकडे आले तर ती इकडे कशाला वळेल? मी नाही हलणार."

हट्ट आईचाच, लेकीत उतरलेला. दादाने कुणाला तरी देऊन टाकायला म्हणून दाराशी ठेवलेलं आईचं शिवणयंत्र तिने उचललं आणि आईपुढे टेबलावर ठेवलं. उजव्या हाताने दांडा फिरवत आणि डाव्याने कापड सरकवत आईने याच मशीनवर दोघांना लहानाचं मोठं केलं होतं. धाकटीने सुईखाली कापड घातलं.

"चालव, आई."

"वेड लागलंय का तुला? सुई बोटात घुसेल तिच्या!" दादा ओरडला.

आईने दांडा फिरवला. कापड भरकटलं, शिवण साफ तिरकी गेली. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. वाकडी शिवण तिने जन्मात खपवून घेतली नव्हती. तिचा डावा हात उशीवरून उठला, चाचपडत आला आणि त्याने कापड दाबून धरलं.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग हाताखालचं कापड तिला दिसलं, कापडाच्या कडेला आणखी एक हात दिसला, आणि मग धाकटीचा चेहरा.

"कधी आलीस गं?"

"आत्ताच," धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आईचा हात थकून घसरला. तिची नजर गोंधळून उजवीकडे पळाली. तिने दात ओठ खाऊन हात पुन्हा वर घेतला, आणि पुन्हा लेकीकडे बघितलं.

"पुरे आता, दमलीस," म्हणत दादाने तो हात धरला आणि अलगद तिच्या मांडीवर ठेवायला गेला. आईने उजव्या हाताने त्याला सणसणीत चापट मारली.

"सोड तो. तो खाली गेला की ही निघून जाते."