अमिनोचा डबा

भुजंगआबांचा उजवा पाय आज गुडघ्याखालून जाणार होता. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी शेवटचं म्हणून विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू होती ना?"

"बिलकुल, मॅडम," मुलगा कल्याण म्हणाला. पिंपळगावात त्याचं खताऔषधांचं दुकान. औषधाबद्दल कुणी विचारलं की त्याला भारी वाटायचं. "वरून मी अमिनो ॲसिडची पावडर पण आणून दिल्ती. मोबाईलवर वाचलं, नसा मोकळ्या होतात म्हणून."

"गोळी?" आबा खाटेवरून म्हणाले. "ती तं म्या पावडरचा डबा आला तवाच सोडली."

कल्याणनं आईकडं पाहिलं. दुर्गाबाईंनी मान खाली घातली.

"सोडली? कोणी सांगितलं, आबा?"

आबांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "आता घ्या! तूच न्हाई का सांगत गिऱ्हाईकाला? झाडावर फवारायच्या अमिनोसंगं दुसरं औषध मिसळू नका, दोन्ही वाया जातात. म्या फवाऱ्याच्या पंपात कवा मिसळलं न्हाई, मंग पोटात कसं मिसळू?" आणि पोराला बरोबर पकडलं म्हणून ते खुशीत हसले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कल्याणला दाराशी नेलं. "पावडरीनं बंद झालेली नस उघडत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गोळी सोडली नसती तर कदाचित पाय वाचला असता." तो 'कदाचित' त्यांनी दया येऊन घातला होता आणि ते कल्याणला कळलं.

गावाकडं रोज दुपारभर आबा दुकानातल्या खुर्चीवर बसून असायचे. पोरगं बोलतंय आणि चार लोक ऐकतायत, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावायचा नाही. करमत नसेल म्हणून येत असतील, असं कल्याण समजायचा. म्हातारा तिथं शिकत होता. आबा, ते सांगणं मोसंबीच्या झाडांसाठी होतं, एवढंच त्याला आता सांगायचं होतं.

खिशातला फोन वाजला. गावाकडचा बद्रीनाथ होता आणि त्याचा आवाज नेहमीसारखा फोनबाहेर आला. "कल्याणभाऊ, मोसंबीवर अमिनो मारून राह्यलो. संगं बुरशीचं औषध टाकलं तं चालंल का?"

कल्याण फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. तेवढ्यात आबांना घेऊन स्ट्रेचर दारात आलं. दुर्गाबाई एका हातानं पदर डोळ्यांना लावून मागं चालत होत्या.

स्ट्रेचरवरून आबांनी मान वळवली.

"अरे, सांग ना त्याला," ते म्हणाले. "तुह्या भरोशावर थांबलाय तो."